शेवंतीवरचा पाहुणा

एका शहरात एक काकू होत्या, आणि त्यांच्या हातचं नाकारायची कुणाची टाप नव्हती. ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानात हमखास दोन लाडू जास्त पडत.

थंडी पडली की काकूंच्या घरासमोरच्या बागेत दूर उत्तरेकडून वटवटे येत. बोटाएवढी हिरवट पाखरं, दिवसभर पानापानांत गात हिंडायची. त्यांना बघायला सकाळी बाकांवर गर्दी होई. त्या वर्षी एक वटवट्या थव्यामागून एकटाच आला, अगदी हडकुळा होऊन. गाणं सोडाच, त्याला धड उडवतही नव्हतं.

“डोंगर ओलांडून आलाय हो बिचारा! माझ्या दारात पाहुणा उपाशी?” म्हणत काकूंनी पदर खोचला. त्याच्यापुढे पोहे ठेवले, ज्वारी टाकली, साजूक तुपातला शिराही मांडला. वटवट्याने कशालाच चोच लावली नाही. कावळ्यांनी सगळ्याचा फडशा पाडला आणि वर त्यालाच हुसकावून लावलं.

“अगं, त्याला नको असेल,” काका म्हणाले.

“नको कसं? तुम्हीही आधी नकोच म्हणता!”

काकांनी हातातली शिऱ्याची वाटी हळूच मागे लपवली.

बागेत काकूंचा शेवंतीचा वाफा होता. बागेतच भरणाऱ्या फुलांच्या प्रदर्शनात दरवर्षी पहिलं बक्षीस त्यालाच. यंदा नेमका कळ्यांवर मावा पडला, बारीक किडे रस शोषू लागले. काकू औषधाचा पंप घेऊन तावातावाने निघाल्या. बघतात तर वटवट्या वाफ्यात! एकेक किडा टिपत होता, आणि इतका मन लावून, की काकू हातभर अंतरावर आल्याचंही त्याला भान नव्हतं.

काकू थबकल्या. फवारलं तर बक्षीस नक्की, पण पाहुण्याच्या तोंडचा घास जाणार.

“माझ्या शिऱ्याला नाक मुरडतोस आणि किडे खातोस होय रे!” त्या पुटपुटल्या. त्यांना रागही आला आणि हसूही आलं. पंप त्यांनी तसाच घरी नेऊन ठेवला.

प्रदर्शनाच्या दिवशी बक्षीस शेजारणीला गेलं. काकूंना वाईट वाटलं, खोटं कशाला बोला! तेवढ्यात त्यांच्या किडक्या वाफ्यावरून अशी काही लकेर उठली, की बक्षिसाची फुलं सोडून सगळी माणसं तिकडे धावली. वटवट्या चांगला गुबगुबीत झाला होता. दोन ताना घेऊन तो पुन्हा किड्यांकडे वळला.

“अगंबाई, केवढासा जीव आणि केवढा गळा!” शेजारीण ओरडली.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला. पाहुणे जेवताहेत.”

तात्पर्य: पाहुण्याला वाढावं ते त्याची भूक बघून, आपली हौस बघून नव्हे.