खटखट्याचा शुक्रवार

घंटा माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. एका चर्चच्या कपाटात हातोडी बसवलेली लाकडी फळी होती. तिला सगळे खटखटं म्हणत. गुड फ्रायडेला घंटा मुकी ठेवायची रीत, म्हणून त्या दिवशी खटखटं वाजवत.

एका गुड फ्रायडेला सकाळपासून ते थरथरत होतं. "पास्कूबाबा, मला नका नेऊ. गावाला घंटेच्या गोड आवाजाची सवय. माझा आवाज खिळे ठोकल्यासारखा येतो. लोक हसतील."

चर्चची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या पास्कूबाबाने त्याच्यावरची धूळ पुसली. "खिळे ठोकल्यासारखाच येतो," तो म्हणाला. "आज तोच लागतो. प्रभूला ज्यावर खिळलं, तेही असंच साधं लाकूड होतं."

चर्चच्या अंगणात जमलेल्या लोकांसमोर खटखटं वाजलं. भीती गेली नव्हती, आवाजही तेवढाच कोरडा होता. पण कोणी हसलं नाही. अंगणातला एकेक माणूस गुडघे टेकत गेला.