शेपटीची फी

जनावरांना मंत्र येत असत, त्या काळची गोष्ट. सकाळी सात वाजता वडाखालच्या मंत्रशाळेत प्रवेश सुरू झाले. फी होती एक शेपटी.

खारीसोबत आलेलं तिचं पिल्लू रडू लागलं. शेपटी गेली की फांदीवर तोल जाणार.

"मग अडाणी राहा," गादीवर बसलेला मुख्याध्यापक कोल्हा म्हणाला.

खोडावरच्या पालीने विचारलं, "गुरुजी, शेपटी स्वतःचीच हवी, असा नियम आहे?"

"तसा नाही."

पालीने आपली शेपटी टाकली. "ही घ्या. मला पुन्हा फुटते."

"ही तर वळवळतेय."

"ताजी आहे."

कोल्ह्याला प्रवेश द्यावाच लागला. पिल्लू शेपटी उडवत आत पळालं आणि खारीचा जीव भांड्यात पडला.

कोल्ह्याची गादी मात्र दर वर्षी जाड का होत गेली, याचं उत्तर त्याने अद्याप दिलेलं नाही.