दानाची गाडी

"आणि छताचं कापड?" भन्तेंनी विचारलं.

"तेही मीच लावलं, भन्तेजी. जुनं पार लोंबायला लागलं होतं. ओढून काढलं, खालचा सडका फोम खरवडला आणि नवं चिकटवलं. एक सुरकुती दाखवा."

भन्तेंनी खिडकीतून मान आत घातली. वर पाहिलं. सुरकुती नव्हती.

सुमेध गजभिये तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. गाडी जुनीच घेतली होती. इंजिन धडधाकट, पण आतून अशी की जणू कुणी वर्षानुवर्षं शेळ्या वाहिल्या असाव्यात. सीट उसवलेल्या, दारांवरच्या रेक्झिनच्या खपल्या निघालेल्या, हँडल तुटकी. कारागिराचा हात लागू द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं आणि तडीस नेलं. हिवाळाभर त्याचे रविवार अंगणात, गाडीत डोकं खुपसून गेले. बोटांना चिकटलेला गोंद सोमवारी वर्गातही निघत नसे. तो मुद्दाम काढतही नसे.

आज तो ती गाडी विहाराला दान द्यायला आला होता. गावाबाहेर, ओलिताच्या शेतांपलीकडे तो लहानसा विहार होता आणि तिथे म्हातारे भन्ते एकटेच राहत.

"बाबांच्या नावानं देतोय," तो म्हणाला. "तुम्हाला गावोगाव पायी जावं लागतं. किल्ली घ्या."

भन्तेंनी किल्ली घेतली नाही.

"आधी एक फेरी मारू," ते म्हणाले.

सुमेध खुलला. लगबगीनं त्यानं दार उघडून धरलं.

भन्ते नुकतेच शेतातल्या वाटेनं आले होते. घोट्यापर्यंत काळी माती. भेगाळलेल्या टाचांत चिखल भरलेला. त्यांनी एक पाय उचलला...

आणि सुमेधचा हात झटकन आत गेला. मागच्या सीटवरचं वर्तमानपत्र त्यानं ओढलं आणि पायाखाली अंथरलं. कधी अंथरलं, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

भन्तेंचा पाय हवेतच थांबला. मग त्यांनी तो खाली मातीत टेकवला.

"तुझे बाबा कुठं बसायचे? पुढं की मागं?"

सुमेधनं वर्तमानपत्राची दुमडलेली कड सरळ केली.

"बसले नाहीत," तो म्हणाला.

"का?" भन्तेंनी विचारलं.

"साखरेचा आजार होता त्यांना. पायाला जखम होती, सारखी पाझरायची. कितीही पट्ट्या बांधा. मी काम करायचो तेव्हा खुर्ची टाकून बसायचे. दुखरा पाय विटेवर. मी काढलेले स्क्रू तळहातावर धरून ठेवायचे, हरवू नयेत म्हणून. दर रविवारी एकच प्रश्न. झाली का रे तुही गाडी?"

"झाली?"

"झाली. त्याच दिवशी त्यांना ड्रेसिंगला न्यायचं होतं. धुतलेला सदरा घालून दारात येऊन उभे राहिले. ड्रेसिंग झालं की तसंच पुढं पवनीला, बहिणीकडं जाऊ म्हणाले. मी... त्यांच्या पायाकडं बघितलं. पट्टी पिवळी झाली होती."

"मग?"

"त्यांनीही पायाकडं बघितलं. म्हणाले, मी आटोनं जातो. तुह्या गाडीले डाग लागन."

शेतातला पंप चालू होता.

"ते स्वतःच म्हणाले, भन्तेजी. मी त्यांना नको म्हटलं नव्हतं."

"बस म्हटलं होतंस?"

सुमेधनं मान फिरवली. दाराच्या नव्याकोऱ्या रेक्झिनवर ऊन चमकत होतं. शिवण सरळ होती.

"आटो मीच बोलावला," अखेर तो म्हणाला. "मागून गाडी घेऊन गेलो. आटोच्या मागं मागं, दवाखान्यापर्यंत. त्यांनी एकदा वळून बघितलं. हसले. त्यांना वाटलं असेल, गाडी कशी चालते ते दाखवतोय. त्या दिवशी त्यांना ठेवूनच घेतलं. पाय कापला. तरी विष अंगात पसरलं. घरी आणलं ते शववाहिकेतून."

भन्तेंनी चीवर सारखं केलं. त्याला खांद्यापाशी ठिगळ होतं, धुऊन धुऊन विरलेलं.

त्या शांतपणाचा सुमेधला राग आला.

"म्हणूनच देतोय ना! मला बसवत नाही तिच्यात. लोक म्हणतात, दान केलं की मन हलकं होतं. माझ्या हातची इतकी चांगली वस्तू मी देतोय, आणि तुम्ही..." त्यानं किल्ली पुन्हा पुढं केली. "घ्या. नाहीतर सांगा, यात काय कमी आहे? आणखी काय बदलू?"

भन्ते वाकले. गाडीतलं वर्तमानपत्र त्यांनी उचललं, नीट घडी घातली आणि सुमेधच्या हातात किल्लीवर ठेवलं.

"भिक्खूला वापरलेलंच चालतं, सुमेध," ते म्हणाले. "ही अजून कोरी आहे."