पहिलं वाटण

“फोन आला तेव्हा काय करत होतास?” आक्कांनी विचारलं.

“लिहीत होतो.”

“काय?”

“पहिलं प्रकरण.”

“अजून?”

जयवंत पडवीत उभाच होता.

तो एक साधा मंगळवार होता. गॅसवर दूध, दोरीवर वाळत घातलेले सदरे. ‘तो उठला’ असं लिहावं की ‘तो उठून बसला’, यात सकाळ गेली होती. मग वहिनींचा फोन आला. थोरला भाऊ दिगंबर पहाटे गेला.

कादंबरी दिगंबरवरच होती. नऊ वर्षं चालली होती. आजारी पडल्यापासून दिगंबर दर रविवारी म्हणायचा, “वाच की रे थोडं.” जयवंत म्हणायचा, “जरा नीट होऊ दे.”

तेराव्यानंतर तो थेट आक्कांकडे आला. तीस वर्षांपूर्वी याच पडवीत आक्कांनी त्याला लिहायला शिकवलं होतं. आणखीही बरेच जण शिकून गेले. नाव याचंच झालं, आणि ते तो विसरत नसे.

“दिगंबर न ऐकताच गेला. तुमच्यामुळे,” तो म्हणाला.

“बरं.”

“कच्चं कुणाला दाखवू नकोस, असं तुम्हीच सांगितलं होतंत.”

“सांगितलं होतं.”

“मी ते पाळलं.”

“दाखवू नकोस म्हटलं होतं. लिहू नकोस म्हटलं नव्हतं.”

…

“असली उत्तरं माझ्यापाशी नकोत, आक्का. माझा भाऊ गेलाय.”

“मग रागव. पण खाली बसून रागव.”

आक्कांनी पाटा पुढे ओढला. गुळगुळीत झाला होता म्हणून सकाळीच त्याला टाकी लावून घेतली होती. छिन्नीचे ताजे टोचे पांढरे दिसत होते. त्यावर त्यांनी भिजवलेले मूठभर तांदूळ टाकले.

“वाट.”

“मी?”

“पुरस्कार घ्यायला चालतात ना हात?”

तो बसला. वरवंटा असा रेटू लागला, जणू पाट्याशीच भांडण होतं. तांदूळ बारीक झाले, मग राखाडी झाले. दगडाची कच करकरू लागली.

तो थांबला. नखानं एक कण उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा…

आक्का बराच वेळ पाहत राहिल्या.

“काय चाललंय?”

“कच आहे. काढतो.”

“कधीपर्यंत?”

“सगळी निघेपर्यंत.”

“नऊ वर्षं?”

त्यानं वरवंटा आदळला. पाट्याच्या कडेचा टवका उडाला. आक्कांनी तिकडे पाहिलंही नाही. सगळं वाटण त्यांनी ओंजळीत घेतलं आणि पडवीखालच्या मातीत फेकलं.

“टाकलंत?”

“टाकीनंतरचं पहिलं वाटण टाकायचंच असतं. आईनं सांगितलं नव्हतं?”

“टाकायचं होतं, तर मला वाटायला कशाला लावलंत?”

“मग पाट्यातली कच कशी निघाली असती?”

…

“हे तेव्हा का नाही सांगितलंत?” त्याचा आवाज खाली आला होता, राग तसाच होता. “तीस वर्षांपूर्वी. का नाही?”

“वाटलं, तुला कळत असेल.” आक्का थांबल्या. “चुकलं माझं.”

त्याला हे अपेक्षित नव्हतं. भांडायला समोर कुणी उरलं नाही, म्हणून तो आणखी चिडला.

“आता लिहून काय करू? ज्याला ऐकायचं होतं तो नाही. वहिनींसमोर वाचू? या भिंतीसमोर वाचू?”

आक्कांनी तांब्यातलं पाणी पाट्यावर ओतलं. हातानं पुसून घेतलं. पुन्हा मूठभर तांदूळ टाकले.

“आक्का, मी काहीतरी विचारतोय.”

“ऐकलं.”

त्यांनी वरवंटा त्याच्याकडे सरकवला.

“दुसरं वाटण व्हायचंय अजून.”