वज्रकेतू जेवला का?

“चूक कुठं आहे तेवढंच सांगा, बाबा. नाहीतर आज हे बाड तुमच्या चुलीत घालून जातो.”

पाहुण्यानं कागदांचा गठ्ठा ओट्यावर आपटला. धूळ उडाली. ओटा सकाळीच मी झाडला होता.

पाहुण्याचं नाव इंद्रजित. आठ वर्षं खपून त्यानं कादंबरी लिहिली होती. राजे, राक्षस, उडते किल्ले, जादू. तीन प्रकाशकांनी परत पाठवली. तिघंही गाढव, असं त्याचं म्हणणं. पण रात्रीची झोप उडाली होती, ते त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. म्हणून तर आला भिवाबाकडं.

भिवाबा म्हणजे आमचा म्हातारा कथेकरी. पन्नास वर्षं गावोगाव कथा सांगितल्या त्यानं. मी मागं बसून तुणतुणं वाजवलं आणि मुक्कामाला भाकऱ्या थापल्या. मला शिष्य म्हणा, नाहीतर आचारी म्हणा. फरक पडत नाही.

“वाचायला आता नजर नाही राहिली,” भिवाबा म्हणाला. “तू तोंडानं सांग. मी हुंकारा देतो.”

“हुंकारा म्हणजे?”

“ऐकणाऱ्यानं ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ थांबलं, की सांगणाऱ्यानं थांबायचं. आमचा एवढा एकच नियम.”

“माझ्या पुस्तकात चौसष्ट आहेत,” इंद्रजित म्हणाला. छाती पुढं.

“असू देत. सांग.”

“माझ्या जगात जादू फुकट मिळत नाही. मंत्र टाकला, की टाकणाऱ्याची एक चव जाते. कायमची.”

“हं.”

“दिवा पेटवायचा, तर पेरूची चव द्या. नदी अडवायची, तर चिंचेची. जेवढा मोठा मंत्र, तेवढी लाडकी चव. माझा नायक तर मीठच देतो.”

“हं!” भिवाबा पुढं सरकला.

मीही चुलीकडची मान वळवली. खोटं कशाला बोलू, मला आवडलं.

“आता नियम. गोडाची विद्या आग्नेय घराण्याकडं. तिचे अकरा पोटभेद. कडूची विद्या फक्त डाव्या हातानं करायची, पण अमावास्येला उजव्या...”

भिवाबा गप्प.

“तुरट आणि तिखट एकत्र आले, तर सातवा तक्ता लागू होतो. त्यात पुन्हा तीन अपवाद...”

भिवाबा गप्पच.

गडी काही थांबेना. बाविसाव्या नियमाला माझा डोळा लागला. भाकरी करपल्याच्या वासानं जाग आली, तेव्हा तो चाळिसाव्यावर होता.

भिवाबानं मला खुणेनं बोलावलं. कानात म्हणाला, “सिद्या, आज पिठल्यात मीठ घालू नको.”

“पाहुणा माझ्या नावानं शिमगा करील.”

“करू दे.”

चौसष्टावा नियम संपला. इंद्रजितनं घाम पुसला.

“बाबा, तुम्ही हुंकारा तर दिलाच नाही.”

“आणि तू तरी कुठं थांबलास?... चल, जेवून घे.”

मी ताट वाढलं. कुळथाचं पिठलं, भाकरी, ताटाशेजारी मिठाची वाटी. त्यानं पहिला घास घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या पोटच्या पोराला चापट मारली होती.

“आजोबा, मीठ विसरलात.”

मी आढ्याकडं बघितलं.

त्यानं वाटीकडं हात नेला. भिवाबानं वाटीवर पंजा ठेवला.

“घेशील. आधी एक सांग. तुझ्या नायकानं मीठ कधी दिलं?”

“वज्रकेतूनं? पान तीनशे बारा!” गडी खुलला. “काळा किल्ला पाडताना. हजार वर्षांत कुणी दिली नव्हती एवढी मोठी किंमत.”

“आणि पुस्तक किती पानांचं?”

“नऊशे.”

“मग तिथून पुढं वज्रकेतू जेवला का?”

...

इंद्रजितनं बाड ओढलं. पानं उलटली. आणखी उलटली.

“त्याला... वेळच नव्हता, बाबा. सात लढाया आहेत.”

“सहाशे पानं उपाशी?” मी म्हणालो. “मग मेला कसा नाही?”

“सिद्या, गप,” भिवाबा म्हणाला. पण मिशीत हसत होता. मग इंद्रजितला म्हणाला, “घरी कोण आहे त्याचं?”

“आई. पहिल्या पानावर आहे. नंतर नाही.”

भिवाबानं वाटीवरचा पंजा काढला. डोळे मिटून बसला.

“हं,” म्हणाला नुसतं.

इंद्रजितनं ताटाकडं बघत दुसरा घास मोडला. बाड मांडीवरून घसरून चुलीकडं गेलं, तेही त्याला कळलं नाही.

“लढाया संपल्या,” तो हळू म्हणाला. “वज्रकेतू घरी आला.”

“हं.”

“आईची धांदल उडाली. काय करू नि काय नको. पिठलं टाकलं... आणि घाईत मीठच विसरली.”

“हं.”

“धाकट्या भावानं घास घेतला. तोंड वाकडं केलं. वज्रकेतू मात्र मिटक्या मारत जेवत होता. म्हणाला, आई, झकास झालंय.”

“हं!”

“मग आईनं घास घेतला. तिचा हात तसाच थांबला. तिनं पोराकडं बघितलं...”

इंद्रजित थांबला. भिवाबाही लबाड. अगदी तिथंच हुंकारा गिळून बसला.

“मग?” कोण ओरडलं? मीच. पन्नास वर्षांत कुणाच्या कथेला मी हुंकारा दिलेला नाही. ते माझं कामच नव्हे.

“मग तिनं विचारलं, मीठ जरा जास्त पडलंय का रे?”

“मग?”

“वज्रकेतू म्हणाला, किंचित. चालतंय.”

...

माझं बोट आपसूक हललं, हातात तुणतुणं असल्यासारखं. चुलीतून ठिणग्या उडत होत्या. मी बाड उचललं आणि चुलीपासून लांब ठेवलं.

“ती काही बोलली नाही,” इंद्रजित म्हणाला. “तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.”

मग एकदम भानावर आला. ताडकन उठून उभा राहिला. चेहरा असा, जणू लग्न ठरलंय.

“बाबा! सापडलं! पण मग त्या चौसष्ट नियमांचं काय करू? काढून टाकू? ठेवू? किती ठेवू?”

भिवाबानं त्याच्या ताटाकडं बोट दाखवलं. ताट पुसून लख्ख झालं होतं. मिठाची वाटी भरलेली, होती तिथंच.

“मघाशी मीठ मागत होतास ना रे?”