राखलेला माळ

एकदा एका गावाने गुरे चारून चारून उजाड झालेला आपला माळ राखण्यासाठी एका वृद्ध आचार्यांच्या स्वाधीन केला आणि आचार्यांनी तो शिष्यावर सोपवला. शिष्य मोठा निष्ठावंत. त्याने काटेरी कुंपण घातले आणि पाच वर्षे एक शेळीही आत येऊ दिली नाही. वाट चुकलेल्या गाईमागेही हा काठी घेऊन धावे. गावकरी त्याला 'माळाचा फौजदार' म्हणत.

पहिली दोन वर्षे गवत जोमाने उसळले. पुढे मात्र ते जागीच वाळून आडवे पडू लागले. त्या थराखाली नवे कोंब गुदमरले, रानफुले दिसेनाशी झाली, जमिनीवर घरटी करणारे चंडोलही निघून गेले. गाव कंटाळले. येत्या पोळ्यापर्यंत माळ फुलला नाही, तर तो खडीच्या खाणीला द्यायचा, असे सभेत ठरले. शिष्याची झोपच उडाली.

दिवाळी सरली, गवताचे बी झडले. तेव्हा मेंढरे घेऊन कोकणात निघालेल्या म्हाळू धनगराला आचार्यांनी थांबवले आणि स्वतःच्या हातांनी कुंपण मोडले.

"म्हाळबा, कळप आत घाला. आठ दिवस, रोज नवी जागा."

"त्ये आमाला सांगाया नगं, म्हाराज. एका जागी मेंढरू लई दिस ठिवलं, तर फुडल्या साली त्यानं खायाचं काय?"

शिष्य वाटेत आडवा उभा राहिला. "गुरुजी, माझी पाच वर्षे मातीत घालता?"

आचार्यांनी त्याला हाताला धरून बाजूला केले.

नवव्या दिवशी कळप गेला. तुडवलेला, लेंड्यांनी भरलेला माळ पाहून शिष्याला रडू कोसळले. तेव्हा आचार्य म्हणाले, "बाळा, अतिचराईने माळ आजारी होता, म्हणून तुझे पथ्य योग्यच होते. पण रोगी बरा झाल्यावरही त्याला उपाशी ठेवलेस. मेंढरांनी जुना थर खाल्ला, मोडला. खुरांनी बी मातीत दाबले, लेंड्यांनी खत दिले. आता पाऊस पडेपर्यंत धीर धर."

पोळ्याच्या दिवशी सारा गाव माळावर लोटला. पवन्या, मारवेल ही गवते कमरेला लागत होती. मधूनमधून निळी-पिवळी फुले, वर गात चढणारे चंडोल! खाणीचा ठराव तिथल्या तिथे रद्द झाला. हलगी कडाडली, तरुणांनी शिष्याला खांद्यावर उचलले.

"अहो, मला खाली ठेवा," तो हसत, डोळे पुसत म्हणाला. "मी तर माळाचा श्वासच कोंडला होता!"

राखणदाराला दार लावता यावे, तसेच ते वेळेवर उघडताही यावे.