मोहोरेवर लिहिले होते एक रुपया

एका राज्यात वज्रधर नावाचा राजा होता, आणि त्याला स्वतःच्या नावाचे भारी कौतुक होते. त्याची एकुलती कन्या ताराक्षी उपवर झाली, तेव्हा तिच्या लग्नासाठी त्याने चांदीच्या मोहोरा पाडवून घेतल्या. तळहात भरेल एवढी एकेक मोहोर, चांदी निखळ, वर राजाचा मुखडा. टांकसाळीच्या कारागिराने विचारले, किंमत काय कोरू? राजा आरशात मिशा न्याहाळत होता. म्हणाला, एक रुपया कोर, माझे नाव आहे तेवढे पुरे. आता त्या राज्यातला रोजचा रुपया नखाएवढा, त्यातही तांबेच जास्त. मोहोरेतल्या चांदीचे तसले वीस रुपये सहज आले असते. पण हे राजाला सांगणार कोण?

कायदा मात्र राजाचाच होता. नाण्यावर जे लिहिले असेल त्या किमतीला ते द्यावे आणि घ्यावे. डोंगरावर धूमकेश नावाचा जादूगार राहत असे, त्याच्या कानी हे गेले. तो पोतेभर रोजचे रुपये घेऊन खजिन्यावर आला आणि एका रुपयाला एक मोहोर मागू लागला. खजिनदाराने घाम पुसत राजाला बोलावले.

"ते अक्षर नुसते शोभेचे आहे," राजा म्हणाला. "मोहोरेची किंमत तिच्यातल्या चांदीची."

"राजाच्या अक्षराला किंमत नाही," धूमकेश म्हणाला. "मग त्याच्या शब्दाला तरी वजन कशाला हवे?" एवढे बोलून तो पोते उचलून चालता झाला.

त्या दिवसापासून राजाच्या शब्दाला वजन उरले नाही. तो बोले, आणि शब्द तोंडातून निघून सावरीच्या कापसासारखे वर जात, छताला चिकटत. सेवक शिडी लावून ते खाली काढत आणि कानाशी धरून ऐकत. राजाने ताटावर मीठ मागावे आणि ते येईतो त्याचे हात धुऊन व्हावेत. ऐकणाऱ्याला हसू येते, पण ताराक्षीला रडू येत होते. तिचे मन शेजारच्या राज्यातल्या सोमकेतू राजपुत्रावर जडले होते, आणि त्या मुलखात बापाने भर सभेत "दिली" म्हटल्याशिवाय सोयरीक होत नसे. सोमकेतूचा बाप रीतीचा पक्का. त्याने निरोप धाडला की शिडी लावून काढलेला शब्द आम्हाला चालणार नाही. पौर्णिमेला सभेत येऊन बसू, शब्द ऐकू आला तर ठीक, नाहीतर दुसरे स्थळ पाहू.

ताराक्षी एक मोहोर पदरात बांधून एकटीच डोंगर चढली. धूमकेशाच्या गुहेत तराजू टांगला होता आणि त्याच्या दांडीवर एक साळुंकी बसली होती. वजनाचा निवाडा तीच करी. धूमकेशाने मोहोर एका पारड्यात ठेवली आणि सांगितले, हिच्या तोलाच्या तीन गोष्टी आण: हिची चांदी, हिची छाप आणि हिचा शब्द. तिन्ही भरल्या की बापाचा शाप सुटेल.

ताराक्षीने पायांतले पैंजण काढून दुसऱ्या पारड्यात ठेवले. चांदी भरली, असे साळुंकी म्हणाली. मग ताराक्षी टांकसाळीत गेली आणि मोहोरा पाडायचा पोलादी ठसा घेऊन आली. ठसा मोहोरेहून कितीतरी जड, तरी पारडी समान झाली. छापही भरली. तिसऱ्या खेपेला तिने राजवाड्याच्या छताला चिकटलेला बापाचा एक शब्द सोडवून डबीत घालून आणला. पारड्यात ठेवताच तो उडाला आणि गुहेच्या छताला जाऊन लागला.

"लिहिणाऱ्याने पाळला नाही, म्हणून हा हलका," साळुंकी म्हणाली. "मोहोरा रुपयाला दे म्हणावे. सगळ्या."

ताराक्षीने घरी येऊन हे जसेच्या तसे सांगितले. राजा इतका संतापला की छत शब्दांनी गच्च भरून गेले, पण शिडी कोणीच आणली नाही. मग त्याने लेकीचे तोंड पाहिले आणि खजिन्याच्या किल्ल्या काढल्या. पौर्णिमेच्या सकाळी तो सभेत मोहोरांची रास मांडून बसला. समोर सोमकेतू आणि त्याचा बाप. कोष्टी आले, कुंभार आले, राजवाड्यातली धुणीवालीही आली. रुपया ठेवायचा, मोहोर उचलायची. मोहोर गेली की वरून एखादा जुना शब्द टपकन खाली पडे. कुणाच्या पागोट्यावर "मीठ" पडले, खजिनदाराच्या मांडीवर "गाढवा" पडले. राजा मात्र जाणाऱ्या प्रत्येक मोहोरेकडे मान वळवून पाही.

रास संपली. शेवटी धूमकेश पुढे आला आणि त्याने एक रुपया ठेवला. राजाने एक मोहोर मांडीखाली दडवली होती. ही माझ्या लेकीची, असे तो पुटपुटला, पण ते शब्द जेमतेम हातभर वर जाऊन तरंगत राहिले.

"बाबा, देऊन टाका," ताराक्षी म्हणाली.

राजाने मोहोर बाहेर काढली, एकवार अंगठ्याने पुसली आणि धूमकेशाच्या हातावर ठेवली.

"दिली," तो म्हणाला.

शब्द फरशीवर असा आदळला की समया हलल्या. सोमकेतूचा बाप उठून उभा राहिला. "महाराजांनी भर सभेत दिली म्हटले," तो म्हणाला. "आम्ही घेतली."

राजा गडबडला. आपण मोहोरेविषयी बोललो. लेकीचे म्हणायचे तर दोन दिवस मन घट्ट करून म्हणणार होतो, हे त्याच्या ओठांवर आले. त्याने तोंड उघडले. धूमकेश त्याच्याकडेच पाहत होता. राजाने तोंड मिटले, लेकीला जवळ ओढले आणि सगळ्यांदेखत रडला.

शाप सुटला, लग्न झाले, राज्य पुन्हा सुरळीत चालू लागले. राजाच्या तोंडून निघालेला शब्द लोक आता जसा असेल तसा धरीत, म्हणून तो पुढे आयुष्यभर फार जपून आणि थोडेच बोले.